‘गालगुंड झालं होतं, आता मूल होणार नाही’ म्हणणाऱ्यांना

“लहानपणी गालगुंड झालेल्या पुरुषाला मूल होत नाही. टेस्ट ट्यूबवर पैसे घालवू नका, विषाणू वीर्यात कायमचा राहतो. आईने वेळीच लेप लावला असता तर ही वेळ आली नसती. एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लसही घेऊ नका, तिनेही तेच होतं.” हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि माझ्या मावसभावाने, दादाने, मूल होण्यासाठीचे उपचार थांबवले. म्हणून हे लिहितेय.

दादाला गालगुंड झालं तेव्हा तो दुसरीत होता. गाल कानापर्यंत सुजलेले, डोक्यावरून उपरणं बांधलेलं, लिंबाचं लोणचं जिभेला लागलं तरी कळवळायचा. मेसेज ‘लहानपणी’ म्हणतो आणि तिथेच खोटा पडतो. या विषाणूने वृषणाला सूज येते ती मुख्यतः वयात आल्यावर. सात वर्षांच्या मुलात ती फार विरळ.

खरं आहे तेवढं मान्य करते. लस न घेतलेल्या मोठ्या माणसांना गालगुंड झालं तर शंभरातल्या १५ ते ३० जणांच्या वृषणाला सूज येते. काहींचं वृषण पुढे आक्रसतं, शुक्रजंतू कमी होतात. पण बहुतेकांची एकच बाजू सुजते. आणि अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या लसींवरच्या पुस्तकात सरळ लिहिलंय की दोन्ही बाजू सुजल्या तरी वंध्यत्व क्वचितच येतं.

सगळ्यात संताप येतो तो ‘टेस्ट ट्यूबवर पैसे घालवू नका’चा. दादाचे शुक्रजंतू कमी आहेत म्हणूनच डॉक्टरांनी इक्सी सुचवलं होतं. त्यात एकच शुक्रजंतू बारीक सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात. १९९२ साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी अशा पहिल्या गर्भधारणा जाहीर केल्या. शुक्रजंतू कमी असलेल्यांसाठीच तर ही पद्धत! वीर्यात एकही नसला तरी वृषणातला छोटा तुकडा काढून शोधतात, काहींना तिथे मिळतात. आणि गालगुंडाचा विषाणू कायमचा मुक्काम करून राहत नाही.

दादाला व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगण्याचा त्रास, आहे का ते बघायला सोनोग्राफी सांगितली होती. “कारण तर कळलंच” म्हणून तो गेलाच नाही. शिरांचा दोष निघाला तर त्यावर उपचार आहेत. वहिनी ३६ची आहे, तिचा एकेक महिना मोलाचा आहे.

लसीने वंध्यत्व येत नाही. आणि सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकात गोवर-रुबेलाचीच लस असते, गालगुंडाची नसते. एमएमआर हवी तर बालरोगतज्ज्ञांकडे मागून घ्यावी लागते.

काल मावशीला फोनवर हे सगळं समजावलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “मी हळदीचा लेप दुसऱ्या दिवशी लावला होता गं. उशीर झाला का माझ्याकडून?” नाही मावशी. लेपाने ना काही थांबतं, ना काही होतं. सूज आठ-दहा दिवसांत आपोआपच उतरते.

दादाची सोनोग्राफी शनिवारी आहे.