खुलासा : थडग्यांवर ॲसिड नव्हे, पाणीच

‘शिबिरवाले जुनी थडगी ॲसिडने धुतात’ असा मेसेज अलिबागपासून दापोलीपर्यंत फिरतोय. शिबिरवाले म्हणजे आम्ही, बेने इस्रायली (कोकणातले ज्यू) दफनभूमीतली थडगी शिबिरात साफ करणारे. मेसेज साफ खोटा. त्यासोबतच्या फोटोतली पांढरी बादली भिजवलेल्या चुन्याची आहे.

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड पडलं की फसफसून अक्षरंच विरघळतात. बेने इस्रायली थडग्यांवर हिब्रूसोबत मराठी ओळीही असतात, त्या घालवायला कोण येईल? आम्ही दगड आधी भिजवतो, शेवाळ बांबूच्या कामटीने सोडवतो, मग मऊ ब्रशने खालून वर घासतो. तारेचा ब्रश कुणी आणलाच, तर पिशवीतच राहतो.

आम्ही भेगांत सिमेंट भरतो, हा आरोपही चुकीचा. चुनाच भरतो. सिमेंट जांभ्याहून कडक. ओल आत कोंडते नि दगडाचीच कड सुटते.

हात लावण्याआधी दफनभूमी सांभाळणाऱ्यांची परवानगी घेतलेली असते.