पिन

बिलात 'लिसनिंग चार्ज' म्हणून 150 रुपये लावलेत. रेकॉर्ड माझी, गाणं माझं, कानही माझेच.

गेलो होतो पिन शोधायला. बाबांचा जुना रेकॉर्ड प्लेयर पोरांनी माळ्यावरून काढला, हल्ली फॅशन आहे म्हणे. म्हापशात दुकानदार हसला, "पात्रांव, आतां हें कोण वाजयता?" दुसऱ्याने शिवणयंत्राची सुई दाखवली. मग कुणीतरी आसगावातल्या कॅफेचं नाव सांगितलं. केसरबाई केरकरांची एक तबकडी काखोटीला मारून निघालो.

काउंटरवर अंबाडा बांधलेला एक तरुण होता. म्हणाला, "अंकल, बोटं लांब!" मग तबकडी माझ्या हातून घेतली आणि चक्क हुंगली.

"वॉव. मान्सून!"

"बुरशी आहे ती."

"कॅरेक्टर आहे, अंकल."

याच कॅरेक्टरपायी बाबा दर जूनमध्ये मखमलीचा तुकडा घेऊन बसायचे आणि आम्हा भावंडांना पंख्याखालून हाकलायचे, तिथे रेकॉर्डी वाळत असत. असो.

त्याने डोळे मिटून पिन टेकवली. आधी खरखर. "ही वॉर्म्थ मोबाइलवर नाही मिळत!" मग आतून कुणीतरी विहिरीत पडलेल्या रेड्यासारखं हंबरलं.

"किती डीप आवाज आहे! कोण हे गायक?"

"गायिका आहेत! अहो, ही मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी, तुम्ही 33वर लावलीय."

"आमच्या मशीनवर 33 आणि 45च आहे," तो मायेने म्हणाला. "पण स्लोमध्ये जास्त फील येतो ना?"

आणि त्या बारीक पिनेचं काय? 78ची खाच रुंद, तिला जाड पिन लागते, नाहीतर पिन खाचेच्या तळाशी घरंगळत राहते. हे मी सांगितलं. तो "इंटरेस्टिंग" म्हणाला आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला.

फोंड्याजवळच्या केरीच्या या बाईंची भैरवी नासाने 1977 साली व्हॉयेजरच्या सोनेरी तबकडीत घालून अंतराळात धाडली. सोबत पिन दिली, आणि तबकडी किती वेगाने फिरवायची याचं चित्रही वर कोरलं. परग्रहावरच्या अनोळखी जिवांची एवढी काळजी! इथे केरीपासून तास-दीड तासावर, 380 रुपयांची कॉफी घेऊन मी बसलोय, तर माझ्या नशिबी ना पिन, ना वेग.

चार्जबद्दल विचारलं, तर म्हणाला, "इलेक्ट्रिसिटी, अंकल."

दिले. वर तबकडी परत करताना त्याने बजावलं, "कडेला धरा हं."