व्हिनेग्रेटला डिजॉन मस्टर्ड कशाला, आपली फेसलेली मोहरी आहे की!

व्हिनेग्रेट म्हणजे तेल आणि आंबट एकत्र घोटून केलेलं सॅलडचं ड्रेसिंग, आणि डिजॉन मस्टर्ड म्हणजे त्यात घालायची फ्रेंच पद्धतीची तयार मोहरी. साखर कमी करायची म्हणून सॅलड सुरू करायचं आणि त्यावर बाटलीतलं गोड ड्रेसिंग ओतायचं, हे मला अजिबात पटत नाही. सांगली-मिरजेतही या बाटल्या आता सहज मिळतात. घेण्याआधी मागची घटकांची यादी वाचा. वजनाने जास्त असलेला पदार्थ यादीत आधी येतो. साखर किंवा मध पहिल्या तीन-चारांत दिसला तर बाटली परत फळीवर ठेवा. एका मोठ्या चमचाभर मधात साधारण १७ ग्रॅम कर्बोदकं असतात!

घरी लागतं ते एवढंच: ९० मिली तेल, ३० मिली लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, एक चहाचा चमचा मोहरी, अर्धा चमचा मीठ, थोडी मिरपूड. तेल लाकडी घाण्याचं शेंगदाण्याचं घ्या. ते कच्चंच खायचं असल्याने त्याचा वास इथे कामाला येतो. व्हिनेगरच्या बाटलीवर ‘सिंथेटिक’ (म्हणजे आंबवून न केलेलं, कृत्रिम) लिहिलं असेल तर त्यापेक्षा ताजं लिंबू बरं.

सगळी मेख मोहरीत आहे. आधी ती खलबत्त्यात कोरडीच बारीक कुटा. मग दोन चमचे गार पाणी घालून, लोणच्यासाठी फेसतो तशी, वास नाकात चढेपर्यंत फेसा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. मोहरीचा झणका दाण्यात आयता नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागलं की त्यातलं एन्झाइम तो तयार करतं. गरम पाण्याने हे एन्झाइम निकामी होतं आणि मोहरी नुसती कडू लागते. आंबट लगेच घातलं तरी ही क्रिया मंदावते, म्हणून लिंबू दहा मिनिटांनंतरच.

मग लिंबू आणि मीठ घालून मीठ पूर्ण विरघळू द्या. तेलात मीठ विरघळत नाही. हा क्रम चुकला की एक घास खारट आणि दुसरा अळणी. आता तेल. पहिले दोन-तीन चमचे अक्षरशः थेंब-थेंब, सतत घोटत, नंतर बारीक धार. मोहरीच्या सालातला चिकटपणा तेल आणि पाणी धरून ठेवतो, पण एकदम ओतलेलं तेल त्याला पेलत नाही. फुटलंच, म्हणजे तेल वेगळं झालंच, तर टाकू नका. दुसऱ्या वाटीत थोडी फेसलेली मोहरी घ्या आणि फुटलेलं मिश्रण त्यात थेंबाथेंबाने घोटा.

आंबट जास्त वाटलं तर कोशिंबिरीच्या सवयीने हात साखरेकडे जातो. त्याऐवजी चमचाभर तेल वाढवा. तासगावचे बेदाणेही इथे नकोत, १० ग्रॅममध्ये जवळपास ८ ग्रॅम कर्बोदकं येतात. आपल्या या अख्ख्या ड्रेसिंगमध्ये मिळून ती चारेक ग्रॅम, म्हणजे मोठ्या चमच्याला अर्धा ग्रॅम. मात्र उष्मांक चमच्याला नव्वदच्या आसपास आहेत, तेव्हा एका माणसाला एक-दोन चमचे पुरेत.

पाला धुतल्यावर फडक्याने नीट कोरडा करा, ओल्या पानावर तेल टिकत नाही. काकडी-टोमॅटोला पाणी सुटतं म्हणून ड्रेसिंग ताट वाढतानाच घाला. उरलेलं काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, चार-पाच दिवस. लसूण हवा असेल तर आयत्या वेळी ठेचून घाला. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणं धोक्याचं आहे, त्यात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. फ्रिजमध्ये तेल गढूळ आणि घट्ट होतं. ते खराब झालेलं नसतं, पंधरा मिनिटं आधी बाहेर काढून बरणी जोरात हलवली की झालं.