एकच पट्टा, सगळ्यांचे दंड

वृद्धाश्रम काढायचाय? काढाच. मुलं गल्फात, लंडनला, लिस्बनला आणि म्हातारी माणसं इथे. गिऱ्हाइकांना गोव्यात तोटा नाही. फक्त काही पथ्यं पाळा. माझी मावशी फोंड्याकडच्या एका आश्रमात असते. गेल्या रविवारी ती सगळी तिथेच शिकून आले.

बीपीचा पट्टा पुसू नये. कापडी असतो, या पावसात वाळणार कधी? कुणा आजींना खरूज असेल तर पहिला मान त्यांचा, मग शेजारची खाट.

ऑक्सिमीटर खिशात ठेवावा. खिशात सगळं आपोआप निर्जंतुक होतं.

जंतुनाशक लावलंच, तर लगेच फडक्याने कोरडं करावं. बाटलीवरची मिनिटं वाचत बसायला वेळ कुणाला?

जुलाबाची साथ आली की स्पिरिटचा बोळा फिरवावा. जुलाब करणाऱ्या सी. डिफिसिल या जंतूचे बीजाणू स्पिरिटने मरत नाहीत, त्यांना क्लोरीन लागतं. म्हणजे तुम्हीही खूश, जंतूही खूश.

आता साखर तपासणं. बोट टोचायचं पेन आख्ख्या वॉर्डात एकच ठेवावं. 'सुई बदलतो ना ताई,' असं सिस्टर हसून सांगतात. सुई बदलता, उपकार झाले! पण पेनच्या टोपणाला सुकलेला तांबूस ठिपका होता, तो कुणाचा? मशीनमध्ये स्ट्रिप घालतात त्या खाचेशी दुसरा. तो कुणाचा? कावीळ करणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू सुकलेल्या रक्तात निदान 7 दिवस तग धरतो, आणि रक्त डोळ्यांना दिसायलाच हवं असंही नाही. पेन पुसूनसुद्धा दुसऱ्याला वापरायचं नसतं, ज्याचं त्याचं वेगळंच लागतं. मशीन सामाईक असेल तर प्रत्येक माणसानंतर पुसायचं. हे मॅनेजरबाईंना सांगितलं तर म्हणे, 'परवडत नाही हो.' डिपॉझिट घेताना परवडतं, चवथीच्या जेवणाचे वेगळे पैसे लावताना परवडतं, आणि फिश थाळीच्या भावात मिळणारं पेन परवडत नाही?

थट्टा पुरे झाली. पट्टा रेक्झिनचा घ्या, पुसता येतो. आधी मळ काढा, मग जंतुनाशक लावा आणि लेबलवर लिहिलीत तेवढी मिनिटं ओलं राहू द्या. आणि हे दर माणसामागे, रात्री एकदाच सगळं गोळा करून नाही. काम कुणाचं तेही लिहून ठेवा. सिस्टर म्हणते आयाचं, आया म्हणते सिस्टरचं, आणि ठिपका आहे तिथेच.

आणि रविवारी केळी-बिस्किटं घेऊन येणाऱ्या लेकरांनो, तुम्ही काय बघता? हॉलमधला टीव्ही, बागेतली जास्वंद. फोटो काढता, ग्रुपवर टाकता. आईचं बोट ज्याने टोचतात ते पेन कधी हातात घेऊन बघितलंत? मी मावशीला नवं आणून नावाची चिठ्ठी चिकटवली, तर शेजारच्या आजींचा मुलगा मलाच म्हणतो, 'एवढं काय त्यात?' लाज वाटू द्या जरा. उद्या आईला कावीळ झाली की बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात धावाल आणि डॉक्टरांना सांगाल, वय झालंय तिचं.