शेठचं पडीक घर आणि मिस्त्रीचा स्क्रूड्रायव्हर

काल रात्री शेठ कट्ट्यावर आला तो मोबाईल पुढे धरूनच. "बघा, घर!" आम्ही बघितलं, एक खिडकी पुठ्ठ्याने बंद केलेली, भिंतीला पोपडे आणि छताच्या कोपऱ्यात ओलीचा हा एवढा नकाशा. शेठचे डोळे मात्र असे चमकत होते की त्याला तिथे पोपडे दिसतच नव्हते, नुसतं दर महिन्याचं भाडं दिसत होतं.

शनिवार-रविवारचा कसलातरी कोर्स करून आल्यापासून शेठ असाच झालाय. पडकं घर घ्या, दुरुस्त करा, भाड्याने द्या, रिफायनान्स करा, म्हंजे दुरुस्त घरावर नवं कर्ज काढून जुनं फेडा, सुटलेल्या पैशात पुढचं घ्या. इंग्रजीत याची आद्याक्षरं जोडून बर्रर्र असं काहीतरी होतं, आणि शेठ ते दर दोन वाक्यांनी म्हणतो.

"थंडी वाजतेय का तुला?" मिस्त्री म्हणाला.

मिस्त्रीचं उभं आयुष्य लोकांची घरं फोडण्यात आणि परत जोडण्यात गेलंय, त्यामुळे या विषयावर मी त्याचंच ऐकतो, हे आधीच सांगून टाकतो. शेठ म्हणाला, "हिशेब ऐक आधी. दुरुस्तीनंतर घराची किंमत शंभर धर. मला साठाला मिळतंय. वीस दुरुस्तीला. ऐंशीत शंभराची वस्तू! वीस खिशात!"

"कोर्समध्ये सत्तरचा नियम नाही शिकवला?" मॅनेजर म्हणाला. हा पूर्वी कर्जाच्या टेबलावर बसायचा, अजूनही समोरच्याकडे कागद अर्धवट असल्यासारखाच बघतो. "दुरुस्तीनंतरच्या किमतीचे सत्तर टक्के काढायचे, त्यातून दुरुस्ती वजा करायची. सत्तर वजा वीस, पन्नास. त्या आकड्याच्या वर बोली लावायचीच नाही. तू साठावर बसलायस म्हंजे दहा तर पहिल्याच दिवशी गेले."

"अरे तो जुना नियम झाला, मार्केट बदललंय, मालकाने तोंडच ऐंशीने उघडलं होतं, मी घासाघीस करून साठावर आणलं!"

"तू घासाघीस केलीस?" मी म्हणालो. "ट्रिपच्या गाडीवाल्याने सांगितला तो आकडा तू वर टिप देऊन मान्य केला होतास, आणि ते पैसे आम्ही चौघांनी भरले." यावर पाच मिनिटं त्या ट्रिपचाच हिशेब निघाला, कोण किती देणं लागतो वगैरे, तो आजही मिटला नाही.

मग मॅनेजरने गाडी रुळावर आणली. पडक्या घराला नेहमीचं गृहकर्ज बऱ्याचदा मिळतच नाही, कारण तारण म्हणून जे घर ठेवायचं तेच राहण्याजोगं नसतं. मग थोड्या मुदतीचं महाग कर्ज घ्यावं लागतं. "साठ खरेदीचे आणि वीस दुरुस्तीचे, सगळे ऐंशी कर्जाऊ धर. बारा टक्के व्याज म्हंजे महिन्याला ऐंशी पैसे. सहा महिन्यांत उरकलं तर पावणेपाच गेले, दहा महिने लागले तर आठ. त्या काळात भाडं किती? शून्य. आणि दुरुस्तीचे वीस तुझ्या हातात एकदम पडत नाहीत, एक टप्पा झाला की कर्ज देणाऱ्याचा माणूस येऊन बघून जातो, मग तेवढे सुटतात. तोवर कारागिरांना कोण देणार? तुझा खिसा."

"आणि काम लांबतंच," मिस्त्री म्हणाला. "भिंत उघडेपर्यंत आत काय आहे ते देवालापण माहीत नसतं. वायरिंग काढायला जावं तर अर्थिंगच नाही, अर्थिंगसाठी गिलावा फोडावा तर मागे पाइप गळतोय, पाइप बदलावा तर खालची फरशी उचलायला लागते. म्हणून जो अंदाज येईल त्याच्यावर वीस टक्के बाजूला ठेव आणि ते खर्च झालेच असं समज."

शेठ म्हणाला की नंतर भाडेकरू बसला की रिफायनान्समध्ये सगळं वसूल. मॅनेजर बोटांवर मोजायला लागला. बँक किमतीच्या पंचाहत्तर टक्के देईल, म्हंजे पंचाहत्तर. तुझे अडकले अठ्ठ्याऐंशी, ऐंशी मूळ आणि दहा महिन्यांचं व्याज आठ. तेरा आतच राहिले. आणि किंमत ठरवणाऱ्या व्हॅल्युअरने शंभरऐवजी नव्वद म्हटलं तर हातात साडेसदुसष्ट, अडकले साडेवीस. "पुढचं घर घेणार होतास ना यातून?"

"दर खाली येतील की तोपर्यंत!"

"२०२२च्या मार्चमध्ये अमेरिकेत पण लोकांना असंच वाटत होतं. फेडचा, म्हंजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, व्याजदर जवळपास शून्य होता, २०२३च्या जुलैपर्यंत सव्वापाच ते साडेपाचवर गेला. पडकं घर स्वस्त कर्जात घेतलं आणि दुरुस्त होईपर्यंत रिफायनान्सचा हप्ताच भाड्याच्या वर गेला, अशांनी काय करायचं? आणि २००८मध्ये तर कर्ज द्यायलाच कोणी तयार नव्हतं. तुझी शेवटची पायरी दुसऱ्याच्या हातात आहे, शेठ."

शेठ गप्प झाला, पण दोनच मिनिटं. मग म्हणाला ठीक आहे, दुरुस्तीचा खर्चच कमी करतो, पुट्टी मारायची, चकचकीत रंग, वर फॉल्स सीलिंग, फोटोत एक नंबर दिसेल, ओल कोणाला दिसणारे.

इथे मात्र मला राहवलं नाही. मी अशाच घरात दोन वर्षं भाड्याने राहिलोय. ताजा रंग बघून भुललो आणि डिपॉझिट दिलं. पहिल्या पावसात कपाट पुढे ओढलं तर मागची भिंत काळी, बोट लावलं तर पापुद्रा हातात आला, आणि मुलीच्या गाद्यांना जो वास लागला तो शेवटपर्यंत गेला नाही. रात्रभर खोकायची. मालक म्हणाला खिडक्या उघड्या ठेवत जा. शेठ, तुझ्या एक्सेलमध्ये तो 'युनिट' असेल, आत माणसं झोपतात रे. जुना रंग घासायचा असेल तर त्यात शिसं आहे का तेही तपासून घे, अमेरिकेत १९७८मध्ये घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली, कारण ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाते.

थोडा वेळ कोणी बोललं नाही.

मग मिस्त्री म्हणाला, "हा बरोबर बोलतोय, आणि धंद्याच्या हिशेबाने पण बरोबर बोलतोय. ओल झाकलीस तर भाडेकरू वर्षात पळतो. बारातला एक महिना घर रिकामं राहिलं की वर्षाच्या भाड्यातले सव्वाआठ टक्के गेले, वर परत रंग. आधी छत, मग पाणी, मग वायर. टाइल्स आणि रंग सगळ्यात शेवटी. पैसे संपले तर ते टाइल्सला संपू देत, छताला नको."

मग त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि कट्ट्याशेजारच्या बाकाच्या फळीत टोचला. टोक जेमतेम रुतलं. "हे चांगलं लाकूड. खिडकीच्या चौकटीला खालच्या कोपऱ्यात असं टोच, लोण्यात गेल्यासारखं गेलं तर चौकट संपली. फरशीवर गोटी ठेव, एकाच बाजूला पळाली तर का पळाली ते विचार. सगळे नळ एकदम सोड, फ्लश कर, आणि मोरीकडे बघत उभा राहा, पाणी वर येतंय का. फोटो काढणाऱ्याने यातलं काय केलं?"

शेठने काहीच केलं नव्हतं. त्याने घर बाहेरूनच बघितलं होतं, किल्ली नव्हती म्हणे! आतला तो ओलीचा फोटोसुद्धा मालकानेच पाठवलेला!

"म्हंजे मालक स्वतः एवढी ओल दाखवतोय," मिस्त्री हळूच म्हणाला, "तर न दाखवलेली किती असेल?"

शेवटी शेठ जरा नरमला. बोली पन्नासवर आणतो म्हणाला, नाही दिलं तर नाही. मग मिस्त्रीला म्हणाला, "रविवारी येशील का बघायला माझ्याबरोबर?"

"येतो की. फक्त स्क्रूड्रायव्हर तुझा आण, माझा घासलाय."

शेठने त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला, दिव्याखाली धरला, मूठ फिरवली. मुठीवर ब्लेडने कोरलेलं 'शे'.

"तीन वर्षं झाली, मिस्त्री! तीन वर्षं मी हा घरात शोधतोय!"

मॅनेजर बाकावर आडवाच झाला हसून, आणि मिस्त्री म्हणाला, "बघ, तुझी वस्तू मी कशी सांभाळून वापरली, भाडं पण नाही मागितलं."