'आमच्या वेळी' आणि एसटीतला डबा

आमच्या वरच्या खोलीत नीटची तयारी करणारं एक लेकरू राहतं. भूम तालुक्यातलं. सप्टेंबर २०२५ च्या पुरात त्याच्या घरचं सोयाबीन तर गेलंच, जमीनही खरडून गेली. आठ दिवस पोरगं गप्प होतं. एकदा जिन्यात रडताना दिसलं, तर मी काय बोलावं? "अरे, आमच्या वेळी..." मग कंदील, अनवाणी पाय, बाहत्तरचा दुष्काळ. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. खडी माझ्या वडलांनी फोडली, सुकडी त्यांनी खाल्ली, मिरवतो मी! "हो काका," म्हणून ते वर निघून गेलं.

रात्री झोप लागंना.

१९९३ ला मी लातूरात अकरावीला होतो. रोज सकाळी गावाकडून एसटीत डबा यायचा. फडक्यात बांधलेला, गाठीत नावाची चिठ्ठी. ज्वारीच्या भाकरी, येसराची (म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी, कधी धपाटे. आमटी हमखास सांडलेली असायची, त्यामुळं सगळ्यालाच येसराचा वास. स्टँडवर डब्यांच्या ढिगात आपापलं फडकं हुडकायचं. ड्रायव्हर-कंडक्टर ह्याचा एक पैसा घेत नसत. एकदा माझा डबा गाडीत चढलाच नाही, तर कंडक्टरमामांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी काढून हातावर ठेवली. "खा अगोदर, मग कॉलेज." त्यांचं नावही मी कधी विचारलं नाही.

मग ३० सप्टेंबर उजाडला. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या आत भूकंपानं किल्लारी, सास्तूर, सगळा तो पट्टा दगडमातीखाली गेला. आमच्यातल्या एकाचा डबा त्या दिवसापासून आला नाही. वर्षभर आम्ही चौघं घरून जास्तीची भाकरी मागवत होतो. का, असं कुणाच्याच घरी विचारलं नाही. माझी माय तर न सांगता दोन फडकी बांधायला लागली.

गावाच्या ओढीनं जीव कासावीस होतो, त्याला १६८८ साली योहानेस होफर नावाच्या तरुण डॉक्टरनं चक्क आजार ठरवून 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिलं. परमुलखात गेलेल्या स्विस लोकांत त्याला तो दिसला होता. (लातूरच्या खोल्यांमधून फिरला असता तर दुसरा ग्रंथ लिहिला असता.) आणि २०१२ सालचं एक संशोधन नेमकं उलटं सांगतं: ज्यांना आधी जुन्या आठवणींत नेलं, त्यांचा दान करण्याकडं कल वाढला, कारण दुसऱ्याचं दुःख त्यांना जास्त भिडलं.

मला हे अर्धंच पटतं. हळहळ सगळ्यांनाच येते, पण आठवतंय काय? कंदील आठवला तेव्हा मी रडणाऱ्या लेकराला भाषण ठोकलं. आपण सोसलं म्हणजे समोरच्यानंही निमूट सोसावं, असा हिशेब मनात कधी मांडला जातो ते कळतही नाही. कंडक्टरमामा आठवले, तेव्हा कुठं सकाळी उठून बायकोला म्हटलं, चार धपाटे जास्तीचे टाक.

डबा घेऊन वर गेलो. काय बोलावं सुचंना, म्हणून विचारलं, "तुमच्याकडं येसर करतात का रे?" तर पोरगं अर्धा तास बोलत बसलं. आजी, चूल, वाहून गेलेली गोठ्यातली कालवड, सगळं. मी नुसता ऐकत होतो.

परवा जेवताना माझ्या तोंडून पुन्हा "आमच्या वेळी" निघालंच. बायकोनं नुसतं वर बघितलं.