जरा ढकलतोस काय?

गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या भाच्यानं व्हिडिओ पाठवला. त्याचा पोरगा, वय वर्षं 5, एका एवढ्याशा मोटारसायकलवर बसून मातीतनं भर्रकन गेला आणि भर्रकन परत आला. डोक्यावर हेल्मेट, छातीला ढाल, कोपराला ढाल, ढोपराला ढाल, म्हणजे पानिपतावर निघालेल्या सरदाराचा पण एवढा बंदोबस्त नसेल. भाचा सांगत होता की ही यामाहाची पीडब्ल्यू 50, 50 सीसी, टू स्ट्रोक, गिअर नाही, पेट्रोलात ऑईल घालायची भानगड नाही, ते ती आपलं आपण मिसळून घेते, आणि ऍक्सिलेटरपाशी एक स्क्रू असतोय, बापानं तो पिळून ठेवला की पोरानं कितीही मूठ फिरवली तरी गाडी ठरल्यापेक्षा जोरात जात नाही. मी म्हटलं असला स्क्रू आमच्या गाडीला पण होता, फक्त तो कुठं आहे ते शेवटपर्यंत कुणाला सापडलं नाही, त्यामुळं तो कायमचा पिळलेलाच राहिला.

मग मला पण जरा जोर आला आणि सगळ्यांच्या देखत बोलून गेलो, "आम्ही पण लहानपणी लई गाडी हाणलीया."

आई कोपऱ्यात मसूर निवडत बसलेली. मान वर न करता म्हणाली, "हाणली कुठं? ढकलली म्हण."

तेव्हापासनं झोप नाही बघा. कारण हिशोब करायला बसलो आणि हिशोब आईच्या बाजूनं जायला लागला.

आमचं घर बेळगावच्या वडगावात. तात्यांचा दुधाचा धंदा, येळ्ळूरच्या शिवारात दोन म्हशी, रतीब सगळा टिळकवाडीत. 1990 च्या आसपास तात्यांनी कुणाकडनं तरी एक मोपेड घेतली, तिसऱ्या हाताची. कुठल्या कंपनीची ते विचारू नका, टाकीवरची अक्षरं माझ्या जन्माच्या आधीच पडलेली असणार, नुसती स्क्रूची दोन भोकं शिल्लक होती. लोक तिला लूनाच म्हणायचे. 1972 साली लूना आली आणि तेव्हापासनं पॅडल असलेली प्रत्येक गाडी लूनाच झाली, जशी आमच्यात कुठलीही टूथपेस्ट कोलगेटच असते. तर ही आमची बेनाम लूना. गिअर नाही, क्लचचा दांडा नाही, सायकलसारखी पॅडलं, मागं कॅरिअर आणि दोन बाजूला दोन किटल्या. मी तेव्हा 13 वर्षांचा. कायद्यानं 50 सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीला पण 16 पूर्ण लागतात, पण हा कायदा वडगावच्या वेशीच्या आत आला आहे असं कुणी आम्हाला कळवलेलं नव्हतं.

गाडी सुरू करायची पद्धत अशी. आधी पेट्रोलचा कॉक उघडायचा, मग चोक, मग गाडी स्टँडवर असतानाच वर बसून पॅडल मारायचं. मारायचं म्हणजे मारतच राहायचं. सकाळी साडेपाचला आमच्या दारात एक पोरगं जागच्या जागी जीव खाऊन सायकल हाणतंय आणि कुठंच जात नाही, हा देखावा शेजारच्यांनी चार वर्षं बघितला. आजकाल ह्याच कामाचे लोक जिममध्ये महिन्याला पैसे भरतात, आम्हाला दुधासकट फुकट होतं. पाच मिनिटांनी ती एकदा "ठ्ठॉक" करायची. ते ठ्ठॉक म्हणजे होकार नव्हे, नुसतं मी ऐकतेय एवढंच.

मग प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडतोय तो, काढायचा. टू स्ट्रोक गाडी ज्यांनी वापरली त्यांना प्लग काढायचा म्हणजे काय ते सांगायला नको, ज्यांनी वापरली नाही त्यांना सांगून उपयोग नाही, पण तरी सांगतो. ह्या इंजिनला वेगळं ऑईल नसतंय, पेट्रोलातच ऑईल मिसळायचं असतंय, तेच आत पिस्टनला पण पुरतंय. आमच्याकडं लिटरला 40 मिली असं माप ठरलेलं, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर तात्यांनी खिळ्यानं रेघ मारून ठेवली होती. आता तात्या पडले काटकसरी, ते ओतताना रेघेच्या खाली थांबायचे. ऑईल कमी पडलं की पिस्टन धरतंय, म्हणजे आत अडकून बसतंय, हे भाऊनं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावानं, मला सांगून ठेवलेलं, म्हणून मी तात्यांची पाठ वळली की गुपचूप आणखी अर्धी बाटली ओतायचो. तात्यांना वाटायचं मेस्त्री चांगला नाही, मेस्त्रीला वाटायचं पंपवाला भेसळ करतोय, आणि इकडं प्लग रोज काजळाची डबी होऊन बाहेर यायचा. मग तो पॉलिश पेपरनं घासायचा, गॅप हॅकसॉच्या तुटक्या पात्यानं बघायची, आणि प्लग कॅपमध्ये घालून इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरायचा, दुसऱ्यानं पॅडल मारायचं, निळी ठिणगी पडते का बघायचं. धरणारा कायम मीच. भाऊ विचारायचा, "करंट येतोय काय बघ रे." येतोय हे मी तोंडानं सांगायच्या आधी हातानंच सांगायचो, हातातला पाना जाऊन शेजारच्या परसात पडायचा.

एवढं करूनही होईना की मग शेवटचं वाक्य. हे वाक्य मी आयुष्यात जेवढं बोललो तेवढं स्वतःचं नाव पण बोललो नसेन. "ओ मामा, जरा ढकलता काय?" आमच्या गल्लीत लोकांना माझी चाहूल लागली की ते चप्पल उलटी फिरवून घरात जायचे. दूध घेणाऱ्या एका आजींनी तर सरळ सांगितलं, "दूध पातळ असलं तरी चालंल बाळा, पण ढकलायला बोलवू नकोस."

आणि सुरू झाली की दुसरं संकट, ती बंद करायची नाही. बंद केली की परत पाच मिनिटं पॅडल. त्यात बेळगावच्या रेल्वे गेटांना नावं नाहीत, नंबर आहेत, पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट, आणि रतीबाला जायचं म्हणजे ह्यातलं एक तरी कपाळावर लिहिलेलं. आता तिसऱ्या गेटाला उड्डाणपूल झालाय, तेव्हा मालगाडी येऊन जाईपर्यंत जन्म जायचा. दुसऱ्या गेटावर दोन्हीकडं शंभर माणसं, सायकली, टांगे, शाळेची पोरं, आणि मध्ये मी, मूठ पिळून ऱ्यांऽऽ ऱ्यांऽऽ करत, इंजिन जिवंत ठेवत. मागनं निळा धूर. मी आधीच अर्धी बाटली जास्त घातलेली. लोक पदर, टोपी, वही, जे हाताला लागेल ते नाकाला लावायचे. एकदा एक मास्तर खोकत खोकत म्हणाले, "बंद कर की रे, गेट उघडल्यावर सुरू कर." मी म्हटलं, "सर, सुरू करायला तुम्ही ढकलणार काय?" पुढं काही बोलले नाहीत. म्हणजे त्यांनी पण कधीतरी मोपेड वापरली असणार.

ह्याच गेटाच्या अलीकडं एकदा हवालदारानं धरलं. कन्नडमधनं विचारलं, "लायसन्स ऐतेनू?" माझं कन्नड तेव्हा बाजारापुरतं. मी म्हटलं, "मन्याग ऐत्री." म्हणजे घरात आहे. घरात लायसन्स नव्हतंच, पण खोटं बोलायचं झालं तर समोरच्याच्या भाषेत बोलावं म्हणजे मान राखल्यासारखं होतं. त्यानं माझ्या न फुटलेल्या मिशीकडं बघितलं, किटल्या उतरवायला लावल्या आणि म्हणाला गाडी स्टेशनला. मी म्हटलं बरं. तो बसला. पॅडल मारलं. परत मारलं. टोपी काढून हँडलला अडकवली आणि परत मारलं. दहा मिनिटांनी घामानं निथळत उतरला, ढकलत पन्नास पावलं गेला, तिथं चढ लागला, थांबला, वळून माझ्याकडं बघितलं. "तगोंड होग मारायाऽ," म्हणाला, घेऊन जा बाबा. सीमाप्रश्न कुणाला सुटो न सुटो, त्या दिवशी आमच्या दोघांचं मोपेडवर पूर्ण एकमत झालं.

पण धंद्याचं सोडा, खरी मजा रविवारची. किटल्या उतरल्या की गाडी आमची. अमेरिकेतल्या पोरांना म्हणे डर्ट ट्रॅक लागतो. जपानात होंडानं 1961 साली तोक्योच्या बाजूला तामा टेक नावाच्या बागेत पोरांना बसायला 5 इंची चाकांची गाडी केली, तिलाच पुढं मंकी नाव पडलं, मोठा माणूस बसला की माकड बसल्यासारखं दिसतंय म्हणून म्हणे. आम्हाला बाग पण नको, ट्रॅक पण नको. वडगाव-येळ्ळूरचं शिवार समोर पसरलेलं, एकीकडं भाताचे बांध, एकीकडं गाडीवाट, लांबवर राजहंसगड. पळवा कुठं पळवायची तिकडं.

उन्हाळ्यात ठीक होतं. बांधावरनं जाताना चाक घसरलं तर खाली भेगाळलेल्या ढेकळात पडायचं, ढोपर फुटायचं, ढोपराला ढाल म्हणजे पाल्याचा रस. पण आषाढात, वडगावच्या मंगाई देवीच्या यात्रेच्या दिवसात, घरी पाहुणे आलेले आणि त्यांच्या पोरांना दाखवायचं म्हणून आम्ही गाडी शिवारात घातली. ही काळी जमीन. ज्यात आमची बासमती होते तीच. पावसाळ्यात ती जमीन नसतेच, डिंक असतोय. दहा हात गेलो नाही तोवर मडगार्ड आणि चाकाच्या मधी चिखल असा गच्च भरला की चाकच फिरेना. म्हणजे आता ढकलायची पण सोय नाही! काटकीनं चिखल काढायचा, दोन हात सरकवायची, परत गच्च. शेवटी चौघांनी मिळून उचलली. दोन खांदे पुढं, दोन मागं, रोवणीला लागलेल्या बायका हात थांबवून बघायला लागल्या, एकजण ओरडली, "कुणाची यात्रा रे पोरांनो?" तशीच मिरवत पक्क्या रस्त्याला आणली. वाटेत सायलेन्सरातनं बेडूक निघाला असं भाऊ आजपण शपथेवर सांगतो, मी नव्हता बघितला, पण माझा विश्वास आहे.

राजहंसगडाची तर गोष्टच वेगळी. आता वर शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा आहे, 2023 साली बसवला, माणसं कारमधनं वर जातात. आम्ही गेलो तेव्हा मी आणि भाऊ, दोघं मिळून लूनावर. चढ लागला तसा तिचा आवाज बारीक होत होत कुणीतरी उसासा टाकल्यासारखा बंद झाला. मग काय, वरपर्यंत ढकलत. वर वाऱ्याला पाच मिनिटं बसलो, चुरमुरे खाल्ले. उतरताना भाऊ म्हणाला पेट्रोल कशाला जाळायचं, इंजिन बंदच ठेव. म्हणजे राजहंसगड मोपेडवरनं सर केला असं मी आजवर शंभर लोकांना सांगितलंय, त्यात जाताना आणि येताना, दोन्हीकडं इंजिनाचा संबंध नव्हता.

इंजिनावरनं आठवलं. निपाणीच्या मामाकडं येझदी मोटारसायकल होती. मैसूरला 1961 पासनं 1996 पर्यंत ज्या गाड्या झाल्या त्यातली, 250 सीसी, दोन सायलेन्सर, आवाज असा की मामा चौकात वळला की मामी चहा टाकायची. तिला किकचा आणि गिअरचा दांडा एकच. किक मारायची आणि तोच दांडा आत दाबून पुढं पाडला की गिअर. ही इंजिनिअरिंगची कमाल मला कुणी सांगितली नव्हती. मामा गाडी चालू ठेवून आत सुपारी आणायला गेला, मी वर चढून बसलो, आणि पाय पुरतोय का बघायला त्या दांड्यावर एक पाय दिला. पुढचं मला नीट आठवत नाही. भाताच्या पिंजराच्या गंजीत मी होतो, गाडी गंजीत होती, आणि मामा सुपारी चावत विचारत होता, "पाय पुरला काय?"

तर असा हिशोब. रोज टिळकवाडी, रविवारी शिवार, वर्षाला एकदा गड. बसून किती आणि ढकलत किती हे कागदावर मांडलं तर आईचं म्हणणं खरं निघतंय. गंमत म्हणजे स्वप्नात मी ती गाडी कधीच ढकलत नाही. स्वप्नात ती पहिल्या पॅडलला सुरू होते, वारं कानात शिरतंय, किटल्या खणखणतायत, गेट उघडं. आता 2024 ला ई-लूना पण आली म्हणे, पेट्रोल नाही, ऑईल नाही, धूर नाही. मी शोरूमच्या बाहेरनं बघितली. छान आहे. पण शेजाऱ्यांना बोलवायचं काय कारण राहिलं?

मग मला जिद्द चढली. आमची लूना अजून मागच्या खोपटात होती, वर कोंबड्या बसायच्या. मेस्त्रीला बोलावला, म्हातारा झालाय पण हात तेच. कार्बोरेटर उघडला, त्यात एका किड्याचं कुटुंब नांदत होतं ते हलवलं. नवीन प्लग, नवीन ट्यूब, नवीन पेट्रोल, ऑईल मी स्वतः मोजून घातलं, अगदी रेघेवर, नंतर हात राहवेना म्हणून थोडं जास्त. अमेरिकेला व्हिडिओ कॉल लावला, तिकडं रात्र होती तरी पोराला उठवून बसवलं. गल्ली जमली. मी बसलो, पॅडल मारलं. आता वय 48. बारा पॅडलांत माझाच प्लग शॉर्ट व्हायची वेळ आली. मागं बघितलं आणि तोंडातनं आपोआप आलं, "जरा ढकलता काय?" गल्लीतली चार तरणी पोरं लागली मागं, भाऊ पण लागला गुडघा धरून, आणि उताराला ठ्ठॉक, ठ्ठॉक, ऱ्यांऽऽऽ! खरंच सुरू झाली! मागं निळा ढग, ढगात गल्ली, गल्लीत सगळे खोकतायत, फोनमधनं टाळ्या. मी असा निघालो, असा निघालो, म्हटलं आज तिसऱ्या गेटापर्यंत थांबायचं नाही.

मारुतीच्या देवळापाशी तिनं तो ओळखीचा उसासा टाकला.

उतरलो. हँडल धरलं, वळवली आणि ढकलायला लागलो. तेवढ्यात आईचा आवाज आला, अख्ख्या गल्लीला आणि फोनमधनं अमेरिकेला ऐकू जाईल असा, "चालतच आहेस तर तसाच पुढं जा की, येताना अर्धा लिटर दूध घेऊन ये."